रानातले उंट, गोठ्यातले भाऊबंद

१९६०च्या दशकाच्या मध्यावर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावर जेमतेम दहा हजार विकुन्या उरले होते. आज त्यांची संख्या पाच लाखांच्या घरात आहे. इतकं घसघशीत यश फार थोड्या वन्य जनावरांच्या वाट्याला आलं असेल. माळढोकाच्या बातम्या वाचून मन खट्टू करून घेण्याची सवय झालेल्या आपल्यासारख्यांना हा आकडा पाहून हेवा वाटावा, आणि वाटला तर त्यात गैर काही नाही. पण आकड्याच्या पोटात काय आहे हे पाहिल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत, असं माझं म्हणणं आहे. डोकी मोजणं वेगळं आणि जनावर ‘वन्य’ म्हणून टिकवणं वेगळं. उंटाच्या कुळात हा फरक जितका लख्ख दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

हे कूळ मूळचं उत्तर अमेरिकेचं. त्याची एक शाखा बेरिंगच्या भूमार्गाने आशियात आली, दुसरी पनामाच्या बाजूने दक्षिणेत उतरली, आणि खुद्द माहेरी ते निर्वंश झालं. आज या कुळातली खरोखर वन्य म्हणावीत अशी तीनच जनावरं उरली आहेत. अँडीजच्या उंच पठारांवरचा विकुन्या, त्याच पर्वतापासून थेट पॅटागोनियापर्यंत पसरलेला ग्वानाको, आणि मंगोलिया-चीनच्या गोबी वाळवंटातला दोन वशिंडांचा रानउंट. राजस्थान-कच्छात दिसणाऱ्या एकवशिंडी उंटाचा रानटी पूर्वज साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच संपला. ऑस्ट्रेलियात मोकाट फिरणारे लाखो उंट रानटी वाटतात खरे, पण ते ब्रिटिशांनी जहाजात घालून नेलेल्या पाळीव उंटांचे वंशज.

उरलेल्या तिघांचं एक समान दुखणं आहे. तिघांच्याही अंगणाला लागून त्यांचे पाळीव भाऊबंद राहतात. विकुन्याशेजारी अल्पाका, ग्वानाकोशेजारी लामा, रानउंटाशेजारी गोबीतल्या गुराख्यांचे उंट. आणि या कुळातली रक्तं एकमेकांत सहज मिसळतात. सगळ्यांची गुणसूत्रं ७४च. दक्षिण अमेरिकेतल्या चौघांपैकी कुणाचाही कुणाशी संकर झाला तरी पिल्लू जन्मतं आणि पुढे तेही वितं. १९९८मध्ये दुबईत तर एकवशिंडी उंट आणि लामा यांचं कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला घातलं होतं. त्याचा कुणाला काय उपयोग झाला, देव जाणे. शिकारी, खाणवाले, दुष्काळ हे बाहेरचे शत्रू झाले. त्यांच्याविरुद्ध कायदा करता येतो. भाऊबंदांविरुद्ध कायदा कसा करणार?

विकुन्याची कथा आधी नीट सांगायला हवी, कारण तिच्यात यश आणि अपयश एकाच धाग्यात विणलेलं आहे. धागा खराच आहे. विकुन्याच्या लोकरीची जाडी बारा-तेरा मायक्रॉन, म्हणजे उत्तम काश्मिरी पश्मिन्याच्या जवळपास किंवा त्याहूनही बारीक. इंका राज्यात ही लोकर राजघराण्यासाठी राखीव होती; सामान्य माणसाने तिचं कापड अंगावर घेतलं तर तो गुन्हा. ती मिळवण्याची पद्धत म्हणजे ‘चाक्कू’. हजारो माणसं डोंगरांना वेढा घालत, साखळी आवळत आवळत जनावरं एका जागी आणत, विकुन्याची लोकर उतरवत आणि त्याला सोडून देत. एका प्रदेशात हे साधारण चार वर्षांनी एकदाच. किती नर, किती माद्या, याची नोंद गाठी मारलेल्या दोऱ्यांत ठेवली जाई. आई इंका घराण्यातली आणि बाप स्पॅनिश सरदार असलेल्या गार्सिलासो दे ला वेगाने सतराव्या शतकाच्या आरंभी या चाक्कूचं वर्णन करून ठेवलंय. ते वाचताना वाटतं, ज्याला आपण आज ‘शाश्वत वापर’ म्हणतो त्याच्या सभा-संमेलनांचा खर्च वाचला असता.

स्पॅनिश आले, बंदुका आल्या, आणि लोकर उतरवण्यापेक्षा जनावर मारणं सोपं झालं. १८२५मध्ये स्वातंत्र्यलढ्याचा नेता सिमोन बोलिव्हारने विकुन्याच्या हत्येवर बंदी घातली. कागदावर. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं कत्तल चालूच राहिली. खरी सुटका सुरू झाली ती १९६७मध्ये पेरूच्या आयाकुचो भागात पंपा गालेरासचं राखीव क्षेत्र झालं तेव्हापासून. १९६९मध्ये पेरू आणि बोलिव्हियाने ला पाझ इथे करार केला, पुढे अर्जेंटिना आणि चिली त्यात आले. १९७५मध्ये सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराखाली विकुन्याच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली. १९७९च्या नव्या करारात ही बंदी कायम ठेवतानाच एक गोष्ट मान्य झाली: जनावर वाढलं की त्याचा फायदा त्याच्यासोबत राहणाऱ्या डोंगरी गावांना मिळाला पाहिजे. १९८७मध्ये जिवंत जनावरांच्या लोकरीच्या कापडाला, १९९४मध्ये कच्च्या लोकरीला परवानगी मिळाली. मध्यंतरी पेरूतल्या ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेच्या बंडाळीत पंपा गालेरासचे रक्षक पळाले, चोरट्या शिकारी पुन्हा बोकाळल्या, तरीही जनावर तगलं. १९९५मध्ये पेरूने कायद्यानेच आपले विकुन्या शेतकरी-पशुपालक समुदायांच्या ताब्यात दिले. २०१२च्या गणनेत एकट्या पेरूत दोन लाखांहून अधिक विकुन्या भरले.

एवढी वाट चालून आलेल्यांना शाबासकी द्यायलाच हवी. मग खोट कुठे आहे?

पहिली खोट भूतकाळातली आहे आणि ती भरून येणार नाही. एखादी जात दहा हजारांवर, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या दहा हजारांवर येते तेव्हा फक्त जनावरं कमी होत नाहीत, जनुकांची रूपंही गळून पडतात. आधी दुर्मीळ रूपं जातात, म्हणजे नेमकी तीच, जी उद्या एखाद्या नव्या रोगात किंवा वेगळ्या हवेत कामी आली असती. पुढे दहा हजारांचे पाच लाख झाले तरी ती परत येत नाहीत. पाच लाख जनावरं, पण त्यांच्या पोतडीत दहा हजारांचीच शिदोरी. नव्या जनुकीय फरकांची भर पडायला हजारो पिढ्या लागतात, आणि विकुन्याची मादी अकरा महिने गाभण राहून वर्षाला एकच पिल्लू देते.

दुसरी खोट मोजणीच्या पद्धतीतच आहे. विकुन्याचा संसार कसा असतो ते जवळून पाहिलं तर ती कळते. एक नर, काही माद्या, त्यांची त्या वर्षीची पिल्लं, असं कुटुंब. त्या नराची स्वतःची जमीन असते: चरायची पठारावर, आणि रात्री मुक्कामाची थोडी वर, उतारावर. हद्दीवर लेंड्यांचे ठरलेले ढीग. कुटुंबातला प्रत्येकजण तिथेच जाऊन हगतो, आणि तीच सातबाऱ्यावरची नोंद. परका नर हद्दीत आला की मालक कान मागे पाडून धावून जातो. ज्या नरांना जमीन मिळाली नाही ते सड्या नरांच्या टोळक्यात हिंडतात आणि त्यांचा वंश पुढे जात नाही. म्हणजे हजार विकुन्या मोजले तरी पुढच्या पिढीचे बाप त्यातले थोडेच. जनुकांच्या हिशेबाने तो कळप हजारांचा नसतो, बराच लहान असतो.

आता या संसारातली एक महत्त्वाची रीत पाहा. पिल्लू वर्षाचं व्हायच्या आतच बाप त्याला हाकलून देतो. नर पिल्लांना आधी, मादी पिल्लांना थोडं उशिरा. चावतो, लाथा मारतो, हद्दीबाहेर पळवून लावतो. क्रूर वाटेल, पण अंतःप्रजननावर निसर्गाने शोधलेला याहून स्वस्त उपाय नाही. हाकललेली मुलगी दूरच्या कुटुंबात जाते, मुलगा टोळक्यात जातो, आणि रक्त सगळ्या पठारभर फिरतं राहतं.

आणि या रीतीच्या आड आपण कुंपण घातलं.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पेरू सरकारने गावांना कायमस्वरूपी कुंपणं उभारायला प्रोत्साहन दिलं. साधारण हजारेक हेक्टर जमीन, तारेची जाळी, आत काहीशे विकुन्या. खर्चासाठी कर्ज, ते लोकरीतून फेडायचं. कल्पना वरवर शहाणपणाची होती. चोरटे शिकारी बाहेर राहतील, चाक्कूच्या वेळी जनावरं डोंगरभर शोधावी लागणार नाहीत, आणि आपल्या हद्दीतला विकुन्या पलीकडच्या गावात जाऊन त्यांना लोकर देणार नाही. पण कुंपणाच्या आत बापाने हाकललेली पिल्लं जाणार कुठे? हजार हेक्टरांत ती फिरून फिरून त्याच नातेवाइकांत येतात. पिढी-दोन पिढ्यांत काही दिसत नाही. गणनेत तर दिसतच नाही. उलट आतली संख्या नीट मोजता येते म्हणून अधिकारी खूश. नुकसान होतं ते रक्तात, आणि रक्तातलं नुकसान डोळ्यांना दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

इथे माझ्या विरोधात एक भक्कम युक्तिवाद आहे आणि त्याला बगल देणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. डोंगरातल्या ज्या माणसाच्या मेंढ्यांचं आणि अल्पाकांचं गवत विकुन्या खातो त्याला काही मिळालं नाही, तर तो चोरट्या शिकाऱ्याला वाट दाखवेल. ‘जनुकीय विविधता’ हा शब्द त्याच्या पोटात जात नाही. कुंपण ही त्याची हक्काची मालमत्ता आहे. ते काढा म्हणणारा शहरी अभ्यासक घरी गेल्यावर बर्फात पहारा द्यायचा आहे तो त्यालाच. हे सगळं खरं आहे. पण पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: कुंपण घालून त्याच्या पदरात नेमकं काय पडलं? एका विकुन्यापासून दोन वर्षांनी एकदा सुमारे दोनशे ग्रॅम लोकर मिळते. २०२४च्या मार्चमध्ये ब्लूमबर्गने पंपा गालेरासजवळच्या लुकानास या गावाचा हिशेब मांडला होता. इटलीच्या ‘लोरो पियाना’ या ब्रँडचा विकुन्याचा स्वेटर सुमारे ९,००० डॉलरला विकला जातो. तेवढ्या लोकरीचे गावाला मिळतात सुमारे २८० डॉलर. म्हणजे गावाचं दारिद्र्य कुंपणाअभावी नाही. कुंपणामुळे जनावर गावाच्या हाती आलं, भाव मात्र आला नाही. वरच्या नऊ हजारांतला मोठा वाटा ज्यांच्याकडे जातो, त्यांच्याकडून तो वळवायचा सोडून आपण विकुन्याचा संसार आखडतो आहोत. हा उपाय चुकीच्या रोग्याला दिलेला आहे.

कुंपणात माणसाचा हात आणखी एका तऱ्हेने चालतो. एकदा जनावर कोंडलं की मालक निवड करू लागतो. लोकर चांगली त्याला ठेव, भांडखोर त्याला काढ, पुमाला मारून टाक, दुष्काळात चारा घाल. सगळं मायेनेच. आणि जनावराला पाळीव करण्याची नेमकी हीच पायरी असते. हे मी कल्पनेने सांगत नाही. विकुन्याच्या बाबतीत एकदा घडून गेलेलं आहे.

पेरूच्या हुनिन भागात तेलार्माचाय नावाचा एक खडकाचा आडोसा आहे. जेन व्हीलर या अभ्यासिकेने तिथल्या हाडांच्या ढिगांतून अँडीजमधल्या पशुपालनाचा आरंभ शोधला: साधारण सहा ते सात हजार वर्षांपूर्वी. तिला वाट दाखवली दातांनी. विकुन्याचे पटाशीचे दात उंदराच्या दातांसारखे आयुष्यभर वाढत राहतात. त्या थरांत सापडलेले दात विकुन्या आणि ग्वानाको यांच्यामधले, म्हणजे अल्पाकाचे होते. पुढे २००१मध्ये मिरांडा कॅडवेल, व्हीलर आणि मायकेल ब्रूफोर्ड यांच्या गटाने जनुकांतून दाखवून दिलं की अल्पाका विकुन्यापासून झाला आणि लामा ग्वानाकोपासून. तोवर बहुतेक शास्त्रज्ञ दोन्ही पाळीव जनावरं ग्वानाकोचीच मानत. अल्पाकाचं शास्त्रीय नाव त्यानंतर बदलावं लागलं. पण या संशोधनातून दुसरी एक गोष्ट उघड झाली आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. आजच्या अल्पाकांमध्ये लामाचं रक्त मोठ्या प्रमाणावर मिसळलेलं आहे. २०२०च्या एका जनुकीय अभ्यासात ते प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास निघालं.

हे कसं झालं? दक्षिण पेरूतल्या एल याराल इथे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे, वाळवंटी हवेत सुकून राहिलेले लामा-अल्पाकांचे मृतदेह सापडले. त्यांची लोकर आजच्या त्यांच्या वंशजांपेक्षा बारीक आणि एकसारखी. म्हणजे इंकांच्याही आधी तिथे जाणकार पैदास चालत होती. स्पॅनिश आक्रमणानंतर माणसं मेली, जनावरं मेली, मेंढ्या आल्या, आणि कुठला नर कुठल्या मादीला हे पाहणारे डोळेच उरले नाहीत. जे कळप डोंगरात तगले त्यांत लामा-अल्पाका एकमेकांत मिसळले. अँडीजमधला पशुपालक आज जाडीभरडी अल्पाका लोकर विकतो, त्याला चारशे वर्षांपूर्वीची ही मोडतोड जबाबदार आहे. मूळ बारीक लोकरीची जनुकं जशीच्या तशी कुठे शिल्लक आहेत? रानातल्या विकुन्यात. म्हणून तर काही पैदासकार अल्पाका आणि विकुन्या यांचा संकर करून ‘पाकोविकुन्या’ तयार करतात. त्यांचा हेतू वाईट नाही, पण असा एक संकर नर कुंपणाबाहेर निसटला आणि त्याने जमीन धरली, की चारशे वर्षांपूर्वी अल्पाकाचं जे झालं ते विकुन्याचं व्हायला सुरुवात होईल. मग परत जायला मूळ रान उरणार नाही.

भाऊबंद फक्त रक्तच आणतात असं नाही, खरूजही आणतात. अर्जेंटिनाच्या सान हुआन प्रांतात सान गिलेर्मो नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे २०१४पासून खरजेची साथ आली आणि काही वर्षांत तिथले विकुन्या आणि ग्वानाको जवळजवळ नाहीसे झाले. नव्वद टक्क्यांहून अधिक गेले. संशोधकांनी माग काढला तेव्हा बोट आलं ते २००९च्या एका सरकारी योजनेतून उद्यानाजवळच्या लोकांना वाटलेल्या लामांकडे. परिणाम पुढेही गेले. मोकळ्या पठारावर गवत माजलं, पुमांच्या शिकारी संपल्या, आणि पुमाच्या उष्ट्यावर जगणारी कोंडॉर गिधाडं तिथून उठून गेली. एका कल्याणकारी योजनेतले काही लामा आणि एवढं मोठं उद्यान! जनुकीय विविधता असती तर सगळे वाचले असते असा दावा मी करणार नाही. पण ज्या कळपाच्या शिदोरीत विविधता कमी, त्याच्यात अशा साथीला तोंड देणारी जनावरं निघण्याची शक्यताही कमी, एवढं तर कुठलाही पशुपैदासकार सांगेल.

आता इथवर येऊन ‘शुद्ध रक्त टिकवा’ अशी घोषणा द्यावी असं कुणाला वाटेल. मला त्या घोषणेचीही धास्ती वाटते. शुद्धता आणि विविधता या सख्ख्या बहिणी नाहीत, कधीकधी त्या एकमेकींच्या सवती होतात. पेरूतल्या विकुन्यांचा जनुकीय अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांच्यात चार वेगवेगळे गट दिसले. त्यांचं व्यवस्थापन वेगवेगळं व्हावं असं सुचवलं गेलं. शास्त्रीयदृष्ट्या ते योग्यच, कारण पंपा गालेरासचे विकुन्या उचलून इतरत्र नेण्याची सरकारी सवय तोवर जडली होती. पण ‘वेगवेगळं’ म्हणजे ‘बंद’ नव्हे. लहान गटाला बंद करून शुद्ध ठेवलं तर तो शुद्ध राहूनच संपेल. उलट टोकाला एक्वादोरचं उदाहरण आहे. तिथे विकुन्या उरलेलेच नव्हते. १९८८पासून पेरू, चिली आणि बोलिव्हिया यांनी दिलेले विकुन्या चिंबोराझो पर्वताच्या उतारावर सोडले. आज ते सात हजारांवर आहेत. तीन देशांचं रक्त एकत्र झालं, कुणाशी सल्लामसलत करून नव्हे, देणगी जशी मिळाली तशी. त्यातून कदाचित एक दणकट कळपही निघेल. पण ते नशीब, धोरण नव्हे.

ग्वानाकोच्या बाबतीत तर एकूण आकडाच सगळ्यांची दिशाभूल करतो. पंधरा ते वीस लाख ग्वानाको आहेत, त्यांतले बहुतेक अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात, आणि तिथला मेंढीवाला त्यांना उपद्रव मानतो. पण पेरूत ते काही हजार, बोलिव्हियात काहीशे, पॅराग्वेच्या चाको प्रदेशात काही डझन. हे उत्तरेकडचे तुकडे नाहीसे झाले तरी ‘ग्वानाको’ या जातीला धोका नाही असंच कागदावर राहील, आणि वाळवंटी, गरम प्रदेशात जगायला शिकलेलं त्यांचं रक्त कुणाच्या लक्षात न येता संपेल.

गोबीतल्या रानउंटाची गोष्ट या सगळ्याहून उलटी आणि जास्त अवघड आहे. इथे आकडाच मुळात केविलवाणा: मंगोलिया आणि चीन मिळून सुमारे हजार जनावरं. एकोणिसाव्या शतकात रशियन प्रवासी प्रझेवाल्स्कीने चीनमधल्या लोप नोरच्या परिसरातून त्याची कातडी आणली तेव्हापासून वाद चालला होता, की हा खरा रानटी की कधीकाळी पळून गेलेला पाळीव? दिसायला तो बारीक अंगाचा, वशिंडं लहान आणि निमुळती, डोकं चपटं. जनुकांनी वाद मिटवला. रानउंट आणि पाळीव दोन वशिंडांचा उंट यांच्या वाटा सात लाख वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही आधी वेगळ्या झाल्या. माणसाने उंट पाळायला लागून पाच-सहा हजार वर्षंही धडपणे झालेली नाहीत. म्हणजे विकुन्या जसा अल्पाकाचा बाप, तसा हा पाळीव उंटाचा बाप नव्हे. तो वेगळ्याच घराण्यातला शेवटचा माणूस आहे. त्याचं रक्त जगात दुसरीकडे कुठेही जपलेलं नाही.

हे जनावर काय काय सोसून टिकलं, ते ऐकावं. लोप नोर म्हणजे चीनचं अणुचाचणीचं मैदान. १९६४ ते १९९६ या काळात तिथे पंचेचाळीस स्फोट झाले. रानउंट राहिले. तिथल्या झऱ्यांचं पाणी समुद्रापेक्षा खारट, पाळीव उंट त्याला तोंड लावत नाही, रानउंट पितात. चाचणीच्या मैदानामुळे माणसाला प्रवेशबंदी होती आणि तीच त्यांच्या पथ्यावर पडली, हा एक विचित्र विनोद. अणुबॉम्बपेक्षा गुराखी धोकादायक निघाला. कारण थंडीत माजावर आलेला रानउंट नर गुराख्याच्या कळपातली मादी पळवून नेतो, किंवा पाळीव नर रानात शिरतो, आणि संकर पिल्लं रानातच वाढतात. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या पामेला बर्गर यांच्या गटाने रानातल्या काही जनावरांत पाळीव रक्त सापडल्याचं दाखवलं. हजारांच्या कळपात अशी थोडी जनावरंही मोठी असतात. इथे संख्या वाढून उपयोग नाही. संकर पिल्लांनी संख्या वाढेल आणि रानउंट कमी होतील.

जॉन हेअर या ब्रिटिश भटक्याने १९९७मध्ये रानउंटासाठी एक संस्था काढली. मंगोलियात २००४पासून सुमारे डझनभर जनावरांवर एक पैदास केंद्र उभं राहिलं. कुंपणाविरुद्ध इतकं बोलून आता मी या केंद्राची बाजू घेणार आहे. एखाद्याला ती विसंगती वाटेल. पण दोन कुंपणांचं काम वेगळं आहे. गोबीतलं केंद्र हे राखीव बियाणं आहे: जनुकीय तपासणी करून पाळीव रक्त नसलेली जनावरं ठेवायची, वाढवायची, परत सोडायची. तिथे कुणी त्यांची लोकर विकत नाही. पेरूतल्या कुंपणात रान हेच उत्पन्नाचं शेत झालं आहे. मात्र या केंद्रालाही डझनभर पूर्वजांची मर्यादा आहे, आणि दुसरीकडे मंगोलिया-चीन सीमेवरच्या तारेने दोन्हीकडचे कळप तोडले आहेत. ती तार उंटांसाठी घातलेली नव्हती. दोन देशांच्या सीमारक्षकांनी ठराविक ठिकाणी ती उघडणं हे एकट्या केंद्रापेक्षा जास्त मोलाचं ठरेल, आणि होण्याची शक्यता सगळ्यात कमी.

आपल्याकडे रानउंट नाहीत. लडाखला गेलेले मराठी पर्यटक नुब्रात हुंडरच्या वाळूवर ज्या दोन वशिंडांच्या उंटांवर बसून फोटो काढतात ते पाळीव. मध्य आशियातल्या यार्कंदशी चालणारा व्यापार थांबल्यावर मागे राहिलेल्या मोजक्या जनावरांचे वंशज. पण भाऊबंदांचा प्रश्न आपल्या दाराशी आलेला आहे. पुण्याजवळच्या माळरानात दिसलेला पिवळट लांडगा जनुकीय तपासणीत लांडगा आणि कुत्रा यांचा संकर निघाला. गडचिरोलीत कोलामार्कामध्ये रानम्हशींसाठी २०१३मध्ये राखीव क्षेत्र झालं, पण गावच्या म्हशी त्याच जंगलात चरतात. छत्तीसगडमध्ये आसामच्या रानम्हशी आणून वंश वाढवावा की मध्य भारतातल्या म्हशींचं वेगळेपण जपावं, हा वाद एक्वादोर आणि पेरूच्या वादाचाच देशी अवतार आहे. आपल्या वनखात्याची गणनेची हौस पाहता, ‘किती’ हा प्रश्न आपण नक्की विचारू. ‘कोण’ हा प्रश्न विचारायची यंत्रणा मात्र अजून तोकडी आहे.

विकुन्यापुरतं माझं मागणं अगदी लहान आहे. सायटीसच्या नियमानुसार विकुन्याच्या कापडाच्या काठावर ‘विकुन्या’ आणि देशाचं नाव विणावं लागतं. जनावर मोकळं होतं की कोंडलेलं, हे त्या काठावर कुठेही लिहिलेलं नसतं. ते लिहायला लावा. नऊ हजार डॉलर मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फरक कळला की रानातल्या लोकरीला जास्त भाव मागता येईल, आणि तो भाव गावाला मिळाला तर कुंपण राखण्यात कुणाला रस राहणार नाही. हे जमणार नाही म्हणणाऱ्यांनी बोलिव्हियाकडे पाहावं. त्या देशाने कुंपणं घातली नाहीत. तिथली गावं दोऱ्या आणि रंगीत चिंध्या धरून, मैलोनमैल चालून, मोकळ्या रानातच चाक्कू करतात आणि लोकर विकतात.